उरलेली खोळ

करेज्माचा उपासकाळ लागला की माझं मशीन गप्प होतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्या मांडोपा गावात लग्न नाही, नाच नाही, साखरपुडा नाही. मग नवे कपडे शिवून माणसं घालणार तरी कुठे? शुक्रवारी सगळा गाव खुरसाच्या वाटेच्या प्रार्थनेला इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये जातो, घरी येऊन पेज आणि आंब्याचं लोणचं खातो, आणि शेजारच्या घरातून मटणाचा वास येतोय का म्हणून नाक वर करून बसतो. मी काजा-बटणं करत बसते. म्हणून पाद्री लुसियानने यंदा इगर्जीचं काम दिलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

काम खोळींचं. ईस्टर दोन आठवड्यांवर आला की आमच्या इगर्जीतल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकतात. एकदा झाकल्या की झाकल्या. ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्री ग्लोरियाचं गाणं सुरू होऊन घंटा वाजेपर्यंत खोळीला कोणी हात लावत नाही. माझ्या आजीच्या वेळेपासून नाही. जुन्या खोळी वाळवीने खाल्ल्या होत्या.

"एर्मेलिंद, नव्या शीव," पाद्री म्हणाला. "पण पोत्यासारख्या नकोत."

"पोती शिवायची तर बाजारात शिंपी पुष्कळ आहेत, पाद्र," मी म्हटलं.

शिडी लावून मी प्रत्येक सांताच्या मूर्तीचं माप घेतलं, माणसाचं घेते तसंच: उंची, खांदा, छाती. गावातला प्रत्येक खांदा मला पाठ आहे. कोणाचं पोट सुटलं, कोण आतल्या आत वाळत चाललं, हे त्याच्या बायकोआधी मला कळतं. भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकत नाही. माझा विश्वास देवावर आणि त्याच्या खालोखाल टेपवर.

घरात तेव्हा आवेलीन होता, माझा एकुलता एक. बोटीवर स्वयंपाकी आहे. रजेवर आला होता, ईस्टर झाला की परत जाणार. लहानपणी काजूच्या झाडावरून पडून त्याचा डावा खांदा मोडला. हाडवैद्याने बांधला तो वाकडाच सांधला. तेव्हापासून डावा खांदा बोटभर खाली. त्या तापात पोरगं माझा अंगठा मुठीत धरून झोपायचं. सोडवायला गेलं की झोपेतच घट्ट धरायचं, मग मी रात्रभर तशीच बसून असे. पुढे त्याच्या प्रत्येक सदऱ्यात मी डाव्या खांद्याला कापसाची छोटी गादी शिवत आले. वर घातला की दोन्ही खांदे सारखे. "माय, एखाद्या दिवशी गादी विसरलीस ना," तो म्हणायचा, "तर मी भर बाजारात होडीसारखा कलंडेन."

यंदा कॉन्फ्रारीच्या, इगर्जीच्या मंडळाच्या लोकांनी त्याला गुड फ्रायडेला जेजूची पालखी उचलायला सांगितलं होतं. स्वारी खुशीत होती. "उजवा खांदा देवाला, डावा तुला," म्हणाला. मी त्याच्यासाठी पालखीवाल्यांचा लाल झगा, ओपा, शिवायला घेतला.

ज्या शनिवारी मूर्ती झाकल्या त्या दिवशी माझ्याबरोबर पियेदाद होती. आल्तारीची फुलं, मेणबत्त्या, सगळं तीच बघते. तोंडाला मात्र कुलूप नाही. सांत आंतोन झाकला, सांत आना झाकली, दाराजवळचा सांत रॉकसुद्धा कुत्र्यासकट झाकला. टोपलीत एक खोळ उरली.

"बाई गो! एर्मेलिंद चुकली!" पियेदाद कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "लिहून ठेवायला हवं."

"मी चुकत नाही," मी म्हटलं. "कापड संपलं होतं. सांत रॉकला मी मागून ठिगळ जोडलंय, बघ."

"मग ही काय देवदूतांनी शिवली?"

मी खोळ उलटून पाहिली. शिवण माझी. खालच्या कडेला गाठ माझी. तशी गाठ मांडोप्यात दुसरं कोणी मारत नाही. मला आठवत नव्हतं एवढंच. वय झालं, म्हटलं. घडी करून ती मी बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळच्या बाकावर ठेवली आणि घरी आले.

रविवारी सकाळी मिसेच्या प्रार्थनेला गेले तर बाकामागच्या कोनाड्यात ती उभी होती.

म्हणजे खोळ उभी होती, आणि आत काहीतरी होतं. पुरुषभर उंचीचं. तो कोनाडा मला कळायला लागल्यापासून रिकामा. मी पियेदादला कोपराने ढोसलं. तिला वाटलं पाद्रीने मूर्ती आणवली. मिस संपल्यावर पाद्रीला विचारलं, त्याला वाटलं कॉन्फ्रारीने. कॉन्फ्रारीवाले म्हणाले, कोणीतरी बोटीवरच्याने नवस फेडला असेल, नाव सांगायचं नसेल.

"मग बघू या की वर करून," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आल्तारीवर चप्पल घालून चढले. "ग्लोरियाला कळेलच की गो," पियेदाद म्हणाली. "घाई कसली?"

घाई नव्हतीच. पण खोळ आतल्याच्या खांद्यांवर बरोबर बसली होती, आणि कोणाचं माप न घेता शिवलेलं कापड असं बसत नाही. मी लांबून बघत राहिले. खोळीचा डावा खांदा बोटभर खाली होता.

त्या दुपारी आवेलीनने ताटातला भात अर्धा टाकला. मासे त्याच्या आवडीचे होते, तिसऱ्यांचं सुकं होतं. "भूक नाही, माय," म्हणाला. दोन दिवसांनी ओपा अंगावर घालून पाहिला तर तो छातीत सैल. मी पुन्हा माप घेतलं. मागच्या आठवड्यात घेतलेलं माप आणि हे, दोन्हींत चार बोटांचा फरक.

"तुझी टेप सैल झाली," तो हसून म्हणाला. हसला तेव्हा गालाची हाडं दिसली.

मी ओपा उसवून आत घेतला. बुधवारी पुन्हा घेतला. मडगावच्या डॉक्टराकडे नेलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठीक. "बोटीवरच्या खाण्याची सवय, दुसरं काय," डॉक्टर म्हणाला आणि टॉनिक लिहून दिलं. घरी येताना बसमध्ये त्याने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. एवढा मोठा पुरुष, आणि मला भार म्हणून जाणवला नाही.

इगर्जीत मात्र उलटं चाललं होतं. पहिल्या दिवशी ती खोळ खांद्यांखाली खुंटीला टांगल्यासारखी सैल होती. मग तिला छाती आली. मग दंड. रोज संध्याकाळी मोतेत, करेज्मातली गाणी, म्हणायला बायका जमत, माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत आणि डोळे कोनाड्यावर. पाम संडेला सगळे झावळ्या घेऊन बाहेर पडले तेव्हा मी मागे राहिले आणि त्या कापडावरून टेप फिरवली. माप मी चुकत नाही. करेज्माआधीच्या इंत्रूजच्या नाचासाठी आवेलीनला सदरा शिवला होता, त्याचं माप. सुतासुताने तेच.

गुरुवारी घंटा बंद झाल्या. आता शनिवारपर्यंत नुसती लाकडी माताक. तिचा खडखडाट ऐकत मी पाद्रीच्या घरी गेले.

"पाद्र, ती एक खोळ काढा. तुमच्या पाया पडते. माझ्या पोराला काहीतरी होतंय."

पाद्री वाईट माणूस नाही. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुझं पोर आजारी आहे म्हणून तुझं मन थाऱ्यावर नाही, एर्मेलिंद. शनिवारी निघेलच ना ती."

"शनिवारपर्यंत पोर उरलं पाहिजे!"

"मी त्याच्यासाठी मिस म्हणेन," तो म्हणाला. मिस म्हणतो म्हणणाऱ्या पाद्रीला नको कोणी म्हणतं का? मी पदराने डोळे पुसले आणि देव बरं करो म्हणून घरी आले.

गुड फ्रायडेला आवेलीन हट्टाने उठला. लाल ओपा त्याच्या अंगावर लोंबत होता. कॉन्फ्रारीच्या लोकांनी त्याला नुसता पालखीला हात लावायला दिला. थोडं चालून तो परत फिरला. "दमलो, माय. पडतो जरा," म्हणाला. मी बरोबर निघाले तर म्हणाला, "तू देवाकडे थांब."

मी थांबले. मिरवणूक गावातून पुढे गेली आणि मी मागे इगर्जीत आले; आत भर उन्हाची शांतता. मी कोनाड्यापुढे गुडघे टेकले. जे काही आत होतं त्याच्याशी मी बोलले. "माझं घे," म्हटलं. "त्याचं नको. म्हातारीचं घे, काय हवं ते घे."

आणि खोळीच्या कडेखालून हात आत घातला.

आतून कोणीतरी माझा अंगठा धरला.

मूठ गरम होती. तापात असते तशी. धरली, आणि घट्ट केली.

मी हात ओढून घेतला.

दारातून पियेदाद आत आली, तिने मला हाताला धरून उठवलं. "अगो, ग्लोरियाआधी हात लावतेस? पाप लागेल! चल, घरी चल, पोराजवळ बस." तिने बाजूचं दार ओढलं आणि कुलूप लावलं.

घरी आवेलीन भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याच्याजवळ बसले. त्याच्या तळव्यावर माझा अंगठा ठेवला.

हात गार होता. मूठ मिटली नाही.

मी पियेदादकडे धावले. "चावी दे." तिने नाही म्हटलं. मी तिला शिव्या दिल्या, मग तिच्या पाया पडले. ती रडली, पण चावी दिली नाही. "उद्या गो," म्हणत राहिली, "उद्याच तर."

शनिवारी सकाळी आवेलीन उठला आणि त्याने पेज मागितली. एक वाडगा प्यायला. आणखी मागितली. दुपारपर्यंत गालावर रंग आला. शेजारणी दारात जमल्या. "पाद्रीची मिस फळाला आली!" पियेदादने माझे गाल कुरवाळले. मला हसायला हवं होतं, तर मी हसले.

रात्री ग्लोरिया सुरू झाला. सगळे दिवे लागले, घंटा वाजू लागल्या, भराभर खोळी निघाल्या. सांत आंतोन, सांत आना, कुत्र्यासकट सांत रॉक.

पियेदादने कोनाड्यातली खोळ ओढली.

ती तशीच खाली बसली. आत काही नव्हतं.

"बघा!" पियेदाद गर्दीतून ओरडली. "म्हटलं नव्हतं? बाईने एक जास्त शिवली!" लोक हसले. एवढे दिवस तिथे काय उभं होतं हे कोणी विचारलं नाही. ज्याने आणली त्याने परत नेली असेल, पाद्री नंतर म्हणाला. माझ्या बाजूला आवेलीन मेणबत्ती धरून खड्या आवाजात गात होता. त्याला लॅटिन एवढं येत होतं, हे मला माहीत नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी मी त्याला नवा सदरा दिला. त्याने अंगात घातला आणि आरशासमोर मान वाकडी केली.

"माय, इथे काय भरलंस? वर आलंय."

डाव्या खांद्यावर उंचवटा आला होता. मी सदरा काढायला लावला. उघड्या अंगाने तो माझ्यापुढे उभा राहिला. दोन्ही खांदे सारखे. टेप लावायची गरज नव्हती, तरी लावली.

मी गादी उसवून काढली. त्याने ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"हे कशाला असतं?" त्याने विचारलं.

तो बोटीवर गेला. दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. पियेदाद सगळ्यांना सांगते, चमत्कार झाला, खांदासुद्धा सरळ झाला. लोक मला नशीबवान म्हणतात. वाकड्या खांद्याचं पोर परत द्या म्हणून कुठल्या आईने कोणाकडे जायचं?

खोळी धुऊन पेटीत ठेवल्या. उरलेली ती माझ्याकडेच आहे. तिच्या खालच्या कडेला, जिथून मी हात आत घातला होता तिथे, कापड मुठीत धरल्यासारखं चुरगळून घट्ट गोळा झालंय. पाणी मारून, कडक इस्त्री फिरवून पाहिली. चुण्या जात नाहीत. काल संध्याकाळी त्या चुण्यांच्या मधोमध मी माझा अंगठा ठेवून पाहिला. माप बरोबर आहे.