आंबेमोहराचा व्हिडिओ

दिलावर मुलाणींचा मोबाईल वाजला तेव्हा ते भोरच्या एसटी स्टँडसमोर चहाचा पहिला घोट घेत होते.

"फौजदार, असाल तसे गिरणीवर या," पलीकडून चिमाजी अण्णांचा आवाज आला. "घरभेदी सापडली. तुमची फक्त सही पाहिजे."

"सही कशावर?"

"चौकशीवर."

"चौकशी झाली का?"

"तीच करायला बोलावतोय न्हवं. वकील म्हणाला, बाहेरचा माणूस बसवा, न्हाईतर बाई कोर्टात जाईल."

"मग सहीचं नंतर बघू," दिलावरभाई म्हणाले आणि चहा संपवूनच उठले.

सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. नाद एकच, कीर्तनाचा. खोऱ्यात कुठंही सप्ताह बसला की डोक्यावरची जाळीची टोपी सावरत दिलावरभाई पुढच्या रांगेत हजर. कुणी छेडलं तर म्हणायचे, "देवाचं नाव गोड लागतंय, त्याला मी काय करू?" कीर्तनातून त्यांना एक सवय लागली होती. मधे बोलायचं नाही. बुवा कुठल्या वाटेनं कुठं निघालेत, ते कान देऊन ऐकायचं. चौकशीतही ते तसंच करत.

भाटघरच्या अलीकडं रस्त्याला लागून अण्णांची भाताची गिरणी. त्यांचा आंबेमोहर पुण्यापर्यंत जायचा. शेजारीच भैरोबाचं देऊळ. शनिवारी काला होऊन तिथला सप्ताह उठला होता. मंडपाचे खड्डे अजून बुजले नव्हते.

फाटकाबाहेर दगडावर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. सुलक्षणा. पॅकिंगच्या शेडवर देखरेख करणारी. तिच्या सासरची गुंजवण्याची जमीन धरणात गेली, तेव्हापासून घर या नोकरीवर उभं होतं.

"आत का न्हाई बसलीस?" दिलावरभाईंनी विचारलं.

"आत यायला बंदी हाय, चाचा. काल हितंच, सगळ्यांम्होरं वाचून दाखवलं. निलंबित म्हणून." ती खाली बघत होती. "आज काढूनच टाकणार म्हणत्यात. वर पोलिसात देणार."

"चौकशी माझी हाय. चल आत."

अण्णांच्या केबिनमध्ये पंखा गरगरत होता. अण्णांनी आपला मोबाईल पुढं सरकवला.

"बघा. सोमवारी सकाळी साडेदहाला हिच्या फेसबुकवर पडला. दुपारपर्यंत पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर शिव्या द्यायला लागली."

व्हिडिओ छोटाच होता. बंद शेड, वर ट्यूबलाइट. पॅकिंगचा निळा एप्रन, हातमोजे घातलेले दोन हात. ते हात साध्या तांदळाचं पोतं आंबेमोहराच्या पिंपात रिकामं करत होते. चेहरा नाही. खाली लिहिलं होतं, 'आमच्या गिरणीत आंबेमोहर असा बनतो.'

मागं कर्ण्यावरून कीर्तन ऐकू येत होतं. गाई चरायला सोडून सवंगडी शिदोऱ्या सोडतात, कुणी ताक आणतो, कुणी शिळी भाकरी, असं बुवा सांगत होते. मग काहीतरी विनोद झाला. तो नीट कळला नाही, पण हशा मोठा होता. शेवटी मडकं फुटल्यासारखा आवाज आणि पोराबाळांचा कल्ला.

"मोबाईल हिचा, खातं हिचं," अण्णा म्हणाले. "आता काय चौकशी करायची?"

दिलावरभाई सुलक्षणाकडं वळले.

"सोमवारी साडेदहाला तू कुठं व्हतीस?"

"शेडमधी. पॅकिंगवर."

"आणि मोबाईल?"

"फाटकावरच्या पेटीत. कामावर मोबाईल न्हेऊ देत न्हाईत कुणालाच. म्या टाकला न्हाई तो व्हिडिओ. जेवायच्या सुट्टीत जावेचा फोन आला, तवा मला कळलं."

"तुझा मोबाईल उघडायचा पॅटर्न कुणाला ठाऊक?"

ती कडवट हसली. "आख्ख्या हापिसाला, चाचा. रोज सकाळी पेटीतले मोबाईल आत न्हेत्यात. प्रत्येकाच्या स्टेटसला, फेसबुकला गिरणीची जाहिरात टाकत्यात. म्या म्हणलं, माज्या मोबाईलवर माज्या लेकीचा फोटू ऱ्हाऊ द्या. तर म्हणले, पगार कोण देतंय?"

अण्णांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

"हितं कुणाशी वाकडं?"

सुलक्षणा घुटमळली. "वाकडं असं न्हाई. शुक्रवारी हापिसात बोलले व्हते, की आंबेमोहराच्या पोत्यांना वास लागंना. म्या दाणा चावून बघितला, दुसराच लागला. काला झाला की अण्णांच्या कानावर घालते म्हणलं."

"कोण व्हतं तेव्हा हापिसात?"

"हनुमंतमामा, शेफालीताई, स्वरूपदादा. तिघंबी."

अण्णा दचकले. "मला का न्हाई बोललीस?"

"कधी बोलू, अण्णा? शनिवारी तुमी पंगतीच्या गडबडीत. रविवारी सुट्टी. सोमवारी तुमीच माझं तोंड बघंना झाला."

तिला बाहेर बसवून दिलावरभाईंनी हनुमंतला बोलावलं. हनुमंत फाटकावरचा, पेटीची किल्ली त्याच्या कमरेला.

"पेटी कोण उघडतं?"

"मीच. सकाळी मोबाईल आत देतो, जाहिरात झाली की परत ठेवतो."

"सोमवारी कुणी नेले?"

"कधी शेफालीताई न्हेती, कधी दादा. सोमवारचं ध्यानात न्हाई बघा."

"सुलक्षणाचा पॅटर्न तुला ठाऊक हाय?"

"व्हय. नऊचा आकडा. सगळ्यांचंच ठाऊक हाय, लपवतंय कोण हितं?" मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. "पर मला त्यातलं टाकता येत न्हाई, भाई. मला फोन उचलता आला तरी लई झालं."

"अण्णा सांगत व्हते, सुलक्षणानं तुझ्यावर तक्रार केली व्हती?"

"पोत्यांवर तंबाखू थुकतो म्हणून. खरंच थुकलो व्हतो. म्हणून काय तिच्या पोटावर पाय देईन?"

"गिरणीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडं, एक अण्णांच्या घरी खुंटीला."

"शनिवारी तुझी किल्ली?"

"कमरेला. मी काल्याला पाण्याच्या टेम्पोवर व्हतो की. तुमालाच दोनदा तांब्या दिला."

ते खरं होतं. दिलावरभाईंनी मान हलवली.

शेफाली आली. हिशेब आणि खरेदी बघणारी मुलगी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"जाहिराती तू टाकतेस?"

"अण्णांनी सांगितलं म्हणून. मला नाही आवडत. दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये नाही नाही ते दिसतं."

"सोमवारी तूच टाकलीस?"

"नाही. सोमवारी मी सकाळीच भोरला बँकेत गेले होते. आले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती."

"बरं. शनिवारी काय केलंस?"

"काल्याला होते ना. सकाळपासून सुलक्षणाताईबरोबर, आधी पंगतीची तयारी, मग बायकांना वाढणं. मला ताकाची बादली दिली होती. अर्धी माझ्याच साडीवर गेली."

दिलावरभाई पहिल्यांदा हसले. "जा बेटा."

मग स्वरूप. अण्णांच्या बहिणीचा मुलगा. पुण्यात वाढलेला, दोन महिन्यांपूर्वी कोठार आणि विक्री बघायला आलेला. खुर्ची ओढून पाय लांब करून बसला.

"काका, सरळ केस आहे. बाईला जाहिराती नको होत्या. मामांनी झापलं. तिनं सूड उगवला. स्वतःच तांदूळ मिसळला, स्वतःच शूट केलं."

"मोबाईल पेटीत व्हता."

"हनुमंत दुपारी काय, सकाळी पण डुलक्या काढतो. पेटीतून मोबाईल काढणं काय अवघड आहे?"

"शूटिंग कधीचं म्हणता?"

स्वरूप पुढं झुकला. हा प्रश्न येणार हे त्याला माहीत असावं. "शुक्रवार रात्रीचं. माझ्याकडं पुरावा आहे. मागचा आवाज ऐका, कीर्तन चालू आहे. कीर्तन रात्री असतं. आणि शुक्रवारी रात्रीच्या पाळीला शेडमध्ये ती एकटी होती. हजेरी बघा."

"वा," दिलावरभाई म्हणाले. "आवाजाकडं कुणाचं ध्यान गेलं नव्हतं. म्हंजे आवाज अस्सल हाय, नंतर जोडलेला न्हाई?"

"नाही, नाही. तिला कुठून एवढी अक्कल? जे होतं ते रेकॉर्ड झालं."

"तुमी सप्ताहाला जाता का?"

"मामांच्या घरी राहायचं म्हटल्यावर जावंच लागतं."

"शनिवारी?"

"गेलो होतो की. रात्री कीर्तनाला पुढंच बसलो होतो. कीर्तन झाल्यावर जेवून घरी आलो."

"बुवा कसे वाटले?"

"छान होते."

दिलावरभाईंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "अण्णा, सगळ्यांना आत बोलवा. सुलक्षणालाबी."

केबिन भरली. हनुमंत दाराला टेकून उभा राहिला. दिलावरभाईंनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, व्हिडिओ लावला. चित्र दिसेना, नुसता आवाज.

"अण्णा, तुमी हा व्हिडिओ कितीदा बघितला असंल. पर ऐकला न्हाई. आता ऐका."

सवंगडी शिदोऱ्या सोडू लागले. ताक आलं, भाकरी आली. मग बुवांचा विनोद. दिलावरभाईंनी आवाज वाढवला. फरफरत शब्द बाहेर आले. गिरणीवाल्या सवंगड्यानं शिदोरीत काय आणलं? कोंडा.

हशा उठला. अण्णांचा चेहरा उतरला.

"हे... हे बुवा मलाच बोलले व्हते. मी समोर बसलो व्हतो."

"कधी?"

"काल्याला. शनिवारी सकाळी."

"तर मग." दिलावरभाईंनी व्हिडिओ थांबवला. "रातच्या कीर्तनात शिदोऱ्या सुटत न्हाईत आणि हंडी फुटत न्हाई. ते काल्याचं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, सकाळचं. ट्यूबलाइट लावून शेड बंद केली म्हणून रात्र व्हत न्हाई. शनिवारी सकाळी गिरणी बंद, सगळा गाव देवळात. म्हणून तर ज्यानं शूट केलं त्याला ती येळ बरी वाटली. सुलक्षणा त्या वक्ताला पंगतीची तयारी करत व्हती. शेफाली तिच्याजवळ. हनुमंत टेम्पोवर, किल्ली त्याच्या कमरेला. ऱ्हायली खुंटीवरची किल्ली."

स्वरूपनं पाय आत घेतले.

"काका, मी रात्री..."

"तेच सांगतोय. शनिवारी रात्री तुमी पुढच्या रांगेत बसला व्हता म्हणं. काला झाला, परसाद झाला की सप्ताह उठला. शनिवारी रात्री तिथं कीर्तन नव्हतं, बाबा. मंडपवाले दोऱ्या सोडत व्हते. इथल्या लहान लेकरालाबी हे ठाऊक हाय. कर्ण्यावर कीर्तन वाजलं म्हंजे रात्र, असं ज्याला वाटतं, तो कधी मंडपात बसलेला नसतो."

"शनिवारी रात्री हा पुण्याला गेला व्हता," अण्णा हळूच म्हणाले. "मित्राकडं म्हणून."

"आवाज नंतर पण जोडता येतो," स्वरूप म्हणाला.

"मघाशी तुमीच म्हणालात, जोडलेला न्हाई. आणि कीर्तनाचा आवाज पुरावा म्हणून माझ्याम्होरं कुणी आणला? तुमीच."

"पण मी कशाला मामांच्या गिरणीची बदनामी करीन?"

"कारण पोती आधीच मिसळलेली व्हती. कोठाराची किल्ली तुमच्याकडं. शुक्रवारी हिनं हापिसात दाण्याचं बोलून दाखवलं. अण्णांच्या कानावर गेलं असतं तर पहिलं तुमाला विचारलं असतं. म्हणून तिनं तोंड उघडायच्या आधीच मिसळणारी तीच ठरवली. पुण्याहून तक्रार आली तरी पाप तिच्या पदरात. तुमच्या मोबाईलवर काढलेला व्हिडिओ हिच्या मोबाईलवर घेतला आणि हिच्या खात्यावर टाकला. सोमवारी शेफाली बँकेत, मोबाईल आत कुणी नेले?"

हनुमंत दारातून पुढं आला. "आलं ध्यानात. दादांनीच नेले व्हते. जाहिरात टाकतो म्हणले."

स्वरूपनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी पाहिलं नाही.

"मामा, नुसतं थोडं मिसळलं होतं. सगळेच करतात," तो शेवटी म्हणाला.

"बाहेर बस," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईला काय सांगायचं ते मला ठरवू दे. पोलिसांना काय सांगायचं ते फौजदार ठरवतील."

तो गेल्यावर अण्णा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"फौजदार, एक विचारतो. समजा, हिनंच टाकला असता. खरंच. मग तरी काढता आलं असतं का न्हाई?"

"तुमी हिला काढत व्हता ते कशासाठी? खातं हिचं म्हणून."

"व्हय."

"मग रोज सकाळी जाहिरातीला ते खातं कुणाचं व्हतं?"

अण्णांनी टेबलावरचा मोबाईल बाजूला सारला.

"खोटं बोलून तुमचं नुकसान केलं असतं, तर जाब विचारा. तो तुमचा हक्क. पर आधी खरं का खोटं ते तपासा, तिचं ऐकून घ्या. आणि खरं असंल, तर तांदूळ सुधारा. माणसाचं नाव, त्याच्या घरचा फोटू, त्याचं बोलणं, हे पगारात येत न्हाई, अण्णा. तुमीच सगळ्यांच्या घराच्या कड्या काढून ठेवल्या. मग चोर कुठून शिरला म्हणून घरवालीला बडवता."

सुलक्षणा उभी होती. डबा तिच्या हातात तसाच.

"उद्यापास्नं ये कामावर," अण्णा म्हणाले.

"न्हाई, अण्णा."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"काल फाटकावर वाचलंत, ते आज फाटकावर माघारी घ्या. ऐकणारी तीच माणसं पायजेत. मग येते."

या खोऱ्यात त्यांनी आजवर कुणाची माफी मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी दिलावरभाईंकडं पाहिलं. दिलावरभाई मधे बोलले नाहीत.

जेवायची सुट्टी झाली. माणसं फाटकाशी जमली. अण्णा पायरीवर चढले आणि घसा साफ केला. जे बोलले ते मागच्यांना ऐकू गेलं नाही. सुलक्षणा म्हणाली, "मोठ्यानं, अण्णा." मग ते मोठ्यानं बोलले. की चूक माझी झाली. बाईचा दोष नव्हता. तिनं दाणा ओळखला, आणि मी तिलाच बाहेर बसवलं. आणि आजपासून कुणाच्या मोबाईलला गिरणीचा हात लागणार नाही.

हनुमंतनं पेटी उघडली. सुलक्षणानं कालपासून अडकवून ठेवलेला तिचा मोबाईल घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या नवा पॅटर्न घातला, हाताचा आडोसा करून.

अण्णा खाली उतरले. ती मोबाईलवर काहीतरी लिहितेय असं बघून ते जवळ आले.

"गिरणीबद्दल लिहितेस व्हय?" त्यांनी विचारलं. आवाजात धाक नव्हता, काळजी होती.

"ते माझं मी बघीन, अण्णा," ती म्हणाली आणि लिहीत राहिली.