रेडिएटरवरची टोपी

काम तसं साधंच. रुग्णवाहिका चढावर तापते, जरा बघून द्या. पण ड्रायव्हरकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांच्या लेकीचे दिवस भरलेले, बाळ पोटात आडवं, आणि ऑपरेशन डोंगरापलीकडच्या इस्पितळात. दोन तासांत निघायलाच हवं होतं.

"ताई, वाटेतच बंद पडली तर..."

"तुम्ही बाहेर निवांत बसा, काका. गाडी माझ्यावर सोडा."

गॅरेज आता ताईचं. वर्षापूर्वीपर्यंत तिच्या बापाचं, आप्पांचं. आप्पांचा एक शिरस्ता होता. इंजिन गरम असलं की डोक्यावरची निळी टोपी काढून रेडिएटरच्या झाकणावर ठेवायची. ती उचलून डोक्यावर घालेपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी एकदाच घाई केली, तर उजवा हात भाजला तो जन्माचा. आप्पा गेल्यापासून टोपी भिंतीवरच्या खिळ्यालाच होती.

भरदुपारी बाहेर धुकं दाटलेलं. तापमानाचा काटा इंजिन थंड दाखवत होता. झाकण उघडायला ताई फडकं घेण्यापुरती वळली. मागं काहीतरी अलगद ठेवल्यासारखा आवाज झाला...

झाकणावर निळी टोपी!

खिळा रिकामा. दार बंद.

"आप्पा...?" तिची पाचावर धारण बसली. खोटं कशाला सांगू! बोट तिनं वरच्या नळीला लावलं आणि चटकन मागं घेतलं. नळी रसरसलेली. काटाच खोटारडा! झाकण काढलं असतं, तर उकळतं पाणी थेट तोंडावर. खालची नळी मात्र गार. म्हणजे पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडपच अडकली होती.

मग ताई कुणाला ऐकतेय! इंजिन निवू दिलं, झडप काढून उकळत्या पाण्यात टाकली. तापली की उघडायला हवी, पण ढिम्म उघडेना. नवी बसवली, काट्याची तुटकी तार जोडली, टोपी परत खिळ्याला लावली आणि इंजिन चालू करून खालच्या नळीवर तळवा ठेवला. कोमट... मग गरम.

"जमलं!" ती अशी ओरडली की काका धावतच आत आले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "नात झाली, ताई! दोघी सुखरूप! अख्ख्या चढाला काटा हलला नाही. जिंकलीस, पोरी!"

ताईला रडूच फुटलं.

"आणि ते म्हातारबाबा सोबत दिलेस, फार आधार वाटला."

"कुठले... म्हातारबाबा?"

"उजवा हात भाजलेले. वाटभर टोपी मांडीवर धरून बसलेले. इस्पितळाच्या दारात म्हणाले, 'निवली आता.' टोपी घातली आणि उतरले."

ताईनं भिंतीकडं पाहिलं. टोपी नव्हती. पुढं होऊन तिनं रिकाम्या खिळ्याला हात लावला.

चटका बसला.