बुग्याळावरची हाक

लग्नाला महिना झाला आणि आम्ही बनारसहून पहाडात गेलो, सायकली चालवायला. रामघाटच्या गल्लीत सायकल काढायची तर आधी सांडाची परवानगी लागते, म्हणून ह्यांना मोकळ्या वाटेची फार हौस. डोंगरमाथ्यावरच्या कुरणांना तिकडे बुग्याळ म्हणतात. सकाळचं ऊन, मेंढ्या, गवतात पिवळी फुलं. हे पुढे, मी मागे धापा टाकत.

"थांबू का?"

"नको. पाठमोरेच बरे दिसता."

कुरण संपलं, देवदारांचं जंगल लागलं आणि धुकं आलं. कुणी दार लोटून आत यावं तसं. ओल्या लोकरीचा वास सुटला. ह्यांच्या सायकलची साखळी पुढे कुरकुरत होती, तीही थांबली. उजवीकडे दरी होती, एवढं मला आठवत होतं. किती उजवीकडे, ते नाही.

हाक मारायची, पण काय म्हणून? निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, पहिलं वर्षभर नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आपल्या घरात चालत नाही. तिथं ऐकायला होतं कोण? तरी जीभ वळली नाही.

"अहो..."

काही नाही.

"अहो, ऐकलंत का...?"

"ओ." दरीतून आवाज आला. मग हे सायकल ढकलत वर आले. मी धुक्यानं निथळत होते. ह्यांचे कपडे कोरडे होते. मला रडू फुटलं, तेव्हा ते नुसते बघत राहिले.

खाली सायकली परत करताना दुकानवाल्या नेगीजींनी हळूच विचारलं, "भाभीजी, ऊपर आवाज दी थी? नाम लेकर?"

"नाम लेकर नहीं..."

माझी सायकल त्यांनी हातात घेतली. ह्यांना म्हणाले, "आप वहीं रख दीजिए."

परत येऊन तीन आठवडे झाले. हे बँकेत जातात, जेवतात, हसतातही. फक्त सासूबाईंनी "देवव्रत" म्हटलं की मान वळत नाही. मी "अहो" म्हटलं की लगेच वळते.

काल रविवार. दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो.

"सूनबाई, तिकडे त्याला हाक कशी मारलीस गं?"

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"माझंच चुकलं," त्या पुटपुटल्या. "मी रोज जेवायला नावानं हाक मारते ना... तर ओ येते."

"पण हे तर ओ देत नाहीत, आई."

"हा नाही देत." त्यांनी वर पाहिलं. गच्चीचं दार आमच्याकडे माकडांमुळे कायम बंद असतं. "तिथून येते. फार दमलाय गं. म्हणतो, येतोय आई, पण चढ संपत नाहीये..."

आतल्या खोलीत कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"कोण येतंय?" ह्यांनी विचारलं.