जितकी आली तितकी

वर्सोव्याहून मढला जाणारी होडी माणसांनी भरल्याशिवाय सुटत नाही. सहदेव परब धक्क्यावर सामानापाशी उभा होता. ताडपत्रीची वळकटी, कंदील, पाण्याचे कॅन आणि पिशवीत नारळ व फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, एवढंच सामान. जानकी जरा बाजूला, पाण्याकडे पाठ करून उभी होती.

गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा सहदेवनं परळ सोडलं आणि तो अंधेरीतल्या एका औषधांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायला लागला. हाती घेतलेली गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय खाली ठेवायची नाही, असा त्याचा स्वभाव. तरी एक वेड त्याला होतंच. दर थंडीत एक रात्र बायको-मुलीला घेऊन मढपलीकडच्या किनाऱ्यावर उघड्यावर काढायची. चाळीतले हसायचे. "घरात पंखा आहे की रे! वाळूत कसले झोपता?" सहदेव नुसता मान हलवायचा.

हा मुक्काम दोन थंड्या चुकला होता. एकुलती एक सुलक्षणा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना काविळीनं गेली. गणपती विसर्जनाला आरत्या म्हणणारी पोर नवरात्रात नव्हती. तेव्हापासून जानकी चालती-बोलती होती एवढंच. वाढलं तर जेवायची, हाक मारली तर ओ द्यायची. हसणं सोडाच, तिला कधी रडतानाही सहदेवनं पाहिलं नाही. मग परवा कपडे वाळत घालताना ती आपणहून म्हणाली, "दर्यावर जाऊया?" तिनं काही मागितलं, तशी सहदेवनं त्याच दिवशी ताडपत्री काढून झटकली. ह्या एका रात्रीत जानकी थोडी जरी परत आली, तर त्याला आणखी काही नको होतं.

होडीतून उतरल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे कोळीवाड्यात मथुराबाईचं दार गाठलं. कुठं राहणार, किती जण, कधी निघणार, हे वस्तीत सांगून ठेवायचं हा त्याचा नियम. उद्या काही झालंच तर शोधणाऱ्याला ठाऊक हवं.

"आयलाव का?" बोंबील उलथत मथुराबाई म्हणाली. "लय वर्सांनी! आनि पोर कुठं हाय?"

"नाही आली," तो म्हणाला. "दोघंच आहोत. सकाळी भरती चढायच्या आत निघू."

"लगीन करून दिलाव आनि आमाला बोलावला नाय!" मथुराबाई हसली. जानकीकडे लक्ष गेलं तसं तिचं हसू आटलं. तिनं मूठभर सुके बोंबील कागदात बांधून जानकीच्या हातात ठेवले.

त्यांची जागा खडकांच्या पलीकडे होती. ओहोटीला खडकांच्या पायथ्यानं वाट असते, भरतीला ती पाण्याखाली जाते. वर सुरूची झाडं, खाली वाळूची चिंचोळी पट्टी. सहदेवनं भरतीची रेघ शोधली. शंख-शेवाळाची ओळ जिथवर येते, तिच्या बऱ्याच वर ताडपत्री बांधली. ओलं लाकूड तोडायचं नाही, वाहून आलेलंच वेचायचं. विस्तव लहान ठेवायचा. आणि निघताना तो वाळूनं कधीच झाकायचा नाही, पाण्यानं विझवायचा. सुलक्षणा सात वर्षांची असताना इथेच, कुण्या सहलवाल्यांनी वाळूत पुरून ठेवलेल्या निखाऱ्यांवर तिचा पाय पडला होता. डाव्या टाचेवर चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा डाग कायमचा राहिला. त्यानंतर विस्तव विझवायचं काम तिनंच घेतलं. पाणी ओतून झालं की राखेवर तळवा टेकायची आणि म्हणायची, "आता चला. कुणाचा पाय भाजायचा नाही."

उन्हं कलली तसा सहदेवनं नारळ काढला. मालवणी माणूस परक्या जागी रात्र काढायच्या आधी तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतो. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी रुकार द्यायचा. सकाळी निघताना तसंच बोलून जागा परत द्यायची. राखणदारावर सहदेवचा फारसा विश्वास नव्हता. पण न विचारता दुसऱ्याच्या अंगणात झोपू नये, एवढं त्याला पटत होतं. हात जोडून, डोळे मिटून त्यानं सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली.

"आज आमी तिगां तुझ्या जाग्यात रवतलों. काय चुकला-माकला तर पोटात घाल. जितकी इलों तितकी सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. आणि तिच्या मागोमाग, जरासं उशिरा, आणखी कुणीतरी.

सुलक्षणा नेहमी हसू दाबता दाबता मागे पडायची.

सहदेवनं डोळे उघडले. समोर समुद्र होता, मागे सुरू. वाऱ्यानं सुरूची पानं वाजतात तेव्हा माणसासारखा आवाज येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं नारळ फोडला.

"अवो," जानकी हळूच म्हणाली, "तुमी तिगां म्हटलात."

"सवयीन गेला तोंडातसून."

"जांवदे. बरां झाला."

विस्तव पेटला. जानकीनं बोंबील भाजले, भाकऱ्या शेकल्या आणि सहदेवला वाढायच्या आधी स्वतः एक तुकडा मोडून खाल्ला. किती दिवसांनी! सहदेव तिच्याकडे बघतच राहिला. भाकरीची जळकी कड मोडून तिनं विस्तवाच्या पलीकडे एका सपाट दगडावर ठेवली.

"तिका जळकी कड आवडता," ती म्हणाली.

सहदेवनं हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं?

ताडपत्रीखाली आडवं झाल्यावर त्याला जानकीचं बोलणं ऐकू येत राहिलं. शेजारणीचं लग्न, नळाला येणारं गढूळ पाणी, नवा विणलेला स्वेटर. मधे ती थांबायची, जेवढा वेळ दुसऱ्याला बोलायला लागतो तेवढा वेळ. मग हसायची. त्या हसण्याच्या उबेत सहदेवला झोप लागली.

उजाडता उजाडता त्याला जाग आली. समुद्र शिशाच्या रंगाचा झाला होता आणि भरती लागली होती. जानकी दूर खडकाजवळ भाकऱ्यांचं फडकं धूत होती. विस्तवापलीकडच्या दगडावर जळकी कड नव्हती. रात्री कावळे येत नाहीत, पण खेकडे येतात, सहदेवनं मनाशी म्हटलं.

त्यानं कॅनमधलं उरलेलं पाणी विस्तवावर ओतलं. वाफ गेली. ताडपत्री सोडली, कागद-सालपटं पिशवीत भरली आणि राखेवर तळवा टेकायला तो वाकला.

ओल्या राखेत आधीच एक तळवा उमटलेला होता. लांब, निमुळत्या बोटांचा.

जानकी अजून खडकापाशीच होती.

मग त्यानं आपला हात त्या ठशाच्या शेजारी टेकला. राख गार होती.

"जानकी, भरती येता. वाट बुडतली. चल."

ती आली, पण सामानाला हात लावला नाही. गुडघे जवळ घेऊन वाळूत बसली. "तुमी जावा," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका शांत त्यानं दोन वर्षांत पाहिला नव्हता. "आमी मागसून येतों."

खडकांच्या पायथ्याशी फेस पोचला होता.

"आपण एकत्र जायचं," सहदेव म्हणाला. गोदामात बोलायचा ती शुद्ध भाषा त्याच्या तोंडून निघाली. "जागा परत देऊ आणि निघू."

"मग तिगां म्हणा. इलों तितकी. देवासमोर खोटां कित्याक बोलतात?"

सहदेवनं हात जोडले. त्याला वाटलं, तिघं म्हटलं तर हिच्यासाठी घरात कायम तिसरं ताट वाढलं जाईल, तिसऱ्याशी बोलणं होईल, आणि ही माझ्याकडे कधीच परत यायची नाही. लेक गेली. निदान बायको तरी राहू दे. त्यानं डोळे घट्ट मिटले.

"बा देवा म्हाराजा, तुझी जागा तुका परत दिली." त्याचा आवाज फुटला. "आमी दोगां जातों. दोगांक सुखरूप घराक पोचव."

लाट आली आणि गेली.

"व्हय म्हाराजा."

एकच आवाज.

डोळे उघडले तेव्हा जानकी उभी होती. पिशवी तिनं खांद्याला लावली होती. "चला," ती म्हणाली.

ती पुढे झाली. गुडघेदुखीमुळे ती खडकांवर नेहमी बसत-उठत जायची. आज या दगडावरून त्या दगडावर हलक्या पावलांनी गेली आणि पुढे थांबून त्याची वाट बघत राहिली.

मथुराबाई दारातच होती. "दोघा गेलाव, दोघा आलाव," ती म्हणाली आणि जानकीकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. "बायेला रात मानवली. तोंडावर कळा आयली."

जानकी हसली. उरलेल्या वाटेवर ती सारखी काहीबाही बोलत होती, आणि सहदेवला इतकं बरं वाटत होतं की काय बोलते आहे इकडे त्याचं लक्षच नव्हतं.

होडी भरून सुटेपर्यंत उन्हं चढली. होडीत ती काठाला बसली. चपला काढून तिनं पाय बाहेर सोडले आणि वाळू धुतली. मग डावा पाय मांडीवर घेऊन पदरानं पुसू लागली.

टाचेवर पांढरा डाग होता. चार आण्याच्या नाण्याएवढा. जुना, कधीच भरून आलेला.

सहदेवनं मान वळवली. खडकांच्या पायथ्याची वाट आता पाण्याखाली गेली असेल. सुरूचे शेंडे तेवढे दिसत होते.

"चपला घाल," तो शेवटी म्हणाला. "धक्का तापलेला असेल."

होडी वर्सोव्याला लागली. उतरताना जानकी नेहमी त्याच्या खांद्याचा आधार घ्यायची. बोट धरून उतरायची ती सुलक्षणा, कॉलेजात गेली तरी.

सहदेव आधी उतरला आणि मागे न बघता त्यानं हात पुढे केला.

तिनं त्याचं बोट धरलं.