‘खरोखर’ लिहिल्याशिवाय

चंद्रावरच्या शेतवसाहतीत संचालक डॉ. रणदिव्यांच्या खोलीत वसाहतीच्या आज्ञावल्या लिहिणारी हेमलता पागनीस शिरली तीच तणतणत. केतकी म्हेत्रेला पुढच्या यानाने पृथ्वीवर धाडायचं, असा हुकूम त्यांनी सकाळीच काढला होता. पाच महिन्यांपूर्वी कामावर आलेली पोर. तिच्या हातून चौथ्या कक्षाची हवा सुटली आणि आत टोमॅटोची रोपं बांधणाऱ्या दामजी गावीतांचे दोन्ही कान कायमचे गेले. बचावकोश दोन पावलांवर होता म्हणून माणूस तरी हाती लागला.

“तिचा काय दोष?” हेमलताने टेबलावर हात आपटला. “दोष तुमच्या त्या अवजाराचा आहे!”

अवजाराचं नाव ‘निर्वात’. कक्षात बुरशी माजली की तिथली हवा काढून ती मारायची, हे त्याचं काम. संगणकाच्या आज्ञापंक्तीत ‘निर्वात --कक्ष ४’ असं टाइप केलं की हवा सुटलीच. पुढे ‘--तालीम’ हा पर्याय जोडला, तरच ते काही न करता नुसतं सांगे, की किती हवा जाईल आणि आत माणसं किती आहेत.

“माणूस एखादा शब्द लिहायला विसरला तर यंत्राने गप्प बसावं, सर. तेच त्याचं गृहीत वर्तन हवं. इथे विसरतो एक आणि भोगतो दुसरा. ‘खरोखर’ असं लिहिल्याशिवाय हवा सुटताच कामा नये, असं चार वेळा लेखी दिलंय मी तुम्हाला.”

“आणि चारही वेळा मी सांगितलंय, की आगसुद्धा हवा काढूनच विझवायची असते. तेव्हा काय जास्तीचा शब्द टाइप करत बसायचं?”

“एक शब्द! त्या एका शब्दापायी गावीतांचे कान गेले!”

केतकी दाराशी उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. रणदिवे तिच्याकडे वळले. “तालीम का लिहिलं नाहीस?”

“कसली तालीम, सर?” तिने विचारलं. “निर्वात आधी सगळं दाखवतंच की. आत कोण आहे ते सांगतं, मग ‘सोडू का?’ म्हणून विचारतं. आपण ‘हो’ लिहिलं की मगच सोडतं. आत कुणी आहे का, तेच तर बघत होते मी. सगळे तसंच बघतात. त्या दिवशी माझा संगणकाचा पडदा बिघडला, म्हणून भांडारातून नवा आणून लावला. त्याने विचारलंच नाही हो.”

हेमलता बोलता बोलता थांबली. निर्वात कधीच काही विचारत नसे. विचारत होतं ते तिने स्वतः लिहिलेलं पांघरूण. केतकी येण्याच्या आधीच, चौथा नकार आला त्या दिवशी, संतापाच्या भरात तिने वसाहतीतल्या अकराही पडद्यांवर एक छोटी आज्ञावली चढवली होती. ती गुपचूप तालीम जोडायची आणि मग प्रश्न विचारायची. भांडारातल्या कोऱ्या पडद्यावर ती नव्हतीच. रणदिवे काढायला लावतील म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. शिवाय, या लोकांना आपण वाचवतोय आणि त्यांना पत्ताही नाही, याची तिला गंमतही वाटायची.

तिने ते सगळं सांगून टाकलं. रणदिव्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे अवजार निर्दोष. पोरीला सवय तुम्ही लावलीत, हेमलताबाई.”

“लावली.” आता तिला स्वतःचा असा राग आला होता, की त्यापुढे रणदिव्यांवरचा काहीच नव्हता. “हुकुमावरचं केतकीचं नाव खोडा आणि माझं घाला.”

“घालतो. आणि ते पांघरूण आत्ताच्या आत्ता उतरवा.”

तिने कळफलक पुढे ओढला आणि तिचा हात तिथेच थबकला.

“नाही उतरवता येणार. उद्या सकाळच्या पाळीला अकरा जण आत कोण आहे ते बघायला आज्ञा देतील, आणि अकरा कक्षांची हवा जाईल. आणि ठेवलं, तर पुढचा कोरा पडदा आणखी कुणाला तरी खाईल.”

“सूचना काढू. भिंतीवर लावू.”

“बोटं सूचना वाचत नाहीत, सर!” ती ओरडलीच. “बरं, उतरवते मी. सकाळची पाळी सुरू होताना तुम्ही चौथ्या कक्षात जाऊन बसा. आहे तयारी?”

रणदिव्यांनी तिच्याकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं. मग चार वेळा नाकारलेला तो अर्ज खणातून काढला आणि सही केली.

दुपारपर्यंत निर्वातच बदललं. आता नुसती आज्ञा दिली तर ते काहीच करत नव्हतं. ‘तालीम की खरोखर, ते लिहा’ एवढंच म्हणत होतं, जुन्या पडद्यावर आणि कोऱ्या पडद्यावरही. मग हेमलताने आपलं पांघरूण एकेका पडद्यावरून काढून टाकलं.

तिथून ती रुग्णकक्षात गेली. गावीत उशाला टेकून बसले होते. मांडीवर लिहायची पाटी होती. तिला बघताच त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘केतकीची चूक?’

नुसती मान डोलावून निघता आलं असतं. तिने पाटी घेतली आणि पडद्यावरच्या पहिल्या पांघरुणापासून सगळं लिहिलं, एक शब्द गाळला नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

गावीतांनी ओठ हलवत ते वाचलं. मग पाटी पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड केलं.