कोमट पाणी

ताईला आणायला कुणीतरी जायलाच हवं, असं आई म्हणाली तेव्हा धाकटीनं कुरकुर केली नाही, फक्त कपाळाला आठी घातली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. दोघी बहिणींनी मिळून आईचं बघायचं असं ठरलेलं, आणि ताई फोनवर नुसतं "येते गं, येते" म्हणत होती. यायचं नाव नाही.

खरं तर ताई म्हणजे काळजीचं गाठोडं. शाळेत गणित शिकवायची. परीक्षा मुलांची असायची आणि पोटात गोळा हिच्या यायचा. आईला साधी शिंक आली तरी हिची झोप उडाली म्हणून समजावं. भाऊजींची बदली होऊन ती दोघं तळ्याकाठच्या त्या शहरात राहायला गेली आणि तिच्या आवाजातली धार हळूहळू बोथट होत गेली. मागच्या फोनवर तर ऑपरेशनचा विषय निघाल्यावर ती म्हणाली होती, "होईल गं सगळं." हे वाक्य ताईच्या तोंडचं नव्हतंच.

धाकटी इस्पितळात कामाला होती. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळत्या वाफेत घालून निर्जंतुक करायचं तिचं काम. घाण तिला डोळ्यांच्या आधी नाकाला कळायची. प्रवासातही बसच्या सीटवर ती स्वतःचा रुमाल पसरून बसली होती.

ताईच्या घराला कुलूप होतं. समोरच्या बाईनं दार किलकिलं केलं. तिचा एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"ती दोघं ना? बागेत असतील. सगळे बागेतच असतात."

"आज? कामाच्या दिवशी?"

"मलाही जायचंय," बाई प्लास्टरवर हात फिरवत म्हणाली. "हे एकदाचं निघू दे."

बाग शोधावी लागली नाही. रस्ता संपला तिथं लोखंडी फाटक होतं, आणि आत हिरवळीचा मोठा उतार थेट तळ्यापर्यंत गेलेला. जुनी डेरेदार झाडं, त्यांच्याखाली बाकं, खाली पाण्यात उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. एका कडेला बांधून ठेवलेल्या होड्या. दुपार कलली होती आणि उन्हाला चटका नव्हता. माणसं पुष्कळ होती. कुणी आडवी पडलेली, कुणी एकमेकांच्या खांद्याला टेकलेली. कुणाच्या हातात फोन नव्हता. लहान मुलं होती, पण पळत नव्हती. आईबापांच्या शेजारी तीही पसरली होती.

धाकटीला बरं वाटलं. रात्रपाळ्यांनी आखडलेले तिचे खांदे आपोआप खाली आले. ताईला या जागेचा लळा लागला असेल तर नवल नाही, असं मनात म्हणत तिनं बॅग एका बाकावर टेकवली आणि जरा वेळ तळ्याकडं बघत राहिली.

निघताना बॅग उचलली तर ती बाकाला चिकटली होती. ओढल्यावर सुटली, आणि बाकाच्या पट्टीपासून बॅगेच्या बुडापर्यंत बारीक, पारदर्शक तार लांबत गेली. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकाखाली दिसते तशी.

कुणीतरी काहीतरी सांडलं असेल. तिनं बॅग गवतावर पुसली. गवत ओलं होतं, आणि कोमट. सकाळचं दव कोमट नसतं, आणि ते दुपारपर्यंत टिकतही नाही.

मग तिला वास आला. कुजल्याचा नव्हे, कुजल्याचा वास तिच्या ओळखीचा होता. हा गोडसर होता. झोपून उठलेल्या माणसानं चूळ भरण्याआधी अगदी तोंडाजवळ येऊन बोलावं, तसा.

वाटेत मक्याच्या लाह्यांची गाडी होती. काचेच्या पेटीत लाह्यांचा ढीग होता, पण ओला, एकमेकांत रुतलेला, आणि वर करड्या बुरशीची मऊ लव. लाह्यावाला स्टुलावर बसला होता. त्यानं तिच्याकडं बघून प्रसन्न हसत एक मूठ पुढं केली. त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून तो लगदा हळूच बाहेर आला. त्याच्या शेजारी बसलेला म्हातारा तेच चघळत होता. त्याची हनुवटी ओली होती आणि तो ती पुसत नव्हता.

धाकटीनं रुमाल नाकाला लावला आणि उतार उतरू लागली.

ताई आणि भाऊजी अगदी खालच्या पायरीवर होते. दोघांचे पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. पाण्याच्या कडेला पांढरट फेस साचला होता. तो किनाऱ्याला यायचा, मागं जायचा, पुन्हा यायचा. वारा मात्र अजिबात नव्हता.

"आलीस का?" ताई म्हणाली. जणू शेजारच्या खोलीतून आलेली. तिचा चेहरा उजळला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, कपाळ सपाट झालं होतं. इतकी तरुण ताई धाकटीनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"नुसतं येते-येते म्हणतेस, येत का नाहीस? आईचं ऑपरेशन आलंय ताई."

"होईल गं."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिला. आणि तुमचं ऑफिस?"

"असतं की ते," भाऊजी म्हणाले. "बस ना. पाय सोड पाण्यात. गार नाहीये मुळीच."

ताईनं फेसात हात घातला, ओंजळभर पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं. मग ओठांवरून जीभ फिरवली. हीच ताई केळंसुद्धा धुऊन सोलायची आणि धाकटी तिला हसायची.

बाजूच्या पायऱ्यांवर माळी झाडत होता. साऱ्या बागेत फक्त त्याच्या पायांत मांडीपर्यंत रबरी बूट होते आणि हातांत जाड मोजे. तो पायऱ्यांवरून काहीतरी पांढरं, पातळ गोळा करत होता आणि झाडूनं पुन्हा पाण्यात लोटत होता. धाकटीला आधी पाकळ्या वाटल्या. पण आसपास फुलांचं झाड नव्हतं. एक पाकळी तिच्या चपलेशी येऊन थांबली म्हणून ती वाकली.

त्यावर रेषा होत्या. बारीक, एकाआड एक, वळत गेलेल्या. टाचेची आख्खी गोलाई होती, आणि पुढं पाच छोटे फुगवटे.

"हे काय आहे?" तिनं माळ्याला विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

माळ्यानं वर न बघता झाडू फिरवला. "पाण्याचं आहे ते. पाण्यात गेलेलं बरं."

"अहो, ही माणसाची कातडी आहे."

"ओरडू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही अजून चपला काढल्या नाहीत ना? मग जा बाई. ऊन आहे तोवर जा."

धाकटी वळली. तिनं वाकून ताईची पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि पाय पाण्याबाहेर काढला.

पाय जड यायला हवा होता. तो अलगद वर आला.

तळव्यावर एकही रेघ नव्हती. टाच नव्हती म्हणण्याइतकी गोल झाली होती. वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा तो पाय गुळगुळीत आणि पांढरा होता. बोटं होती, पण त्यांच्यामधल्या फटी भरत आल्या होत्या. एकाही बोटाला नख नव्हतं. आणि त्या सगळ्यावर एक पातळ बुळबुळीत थर होता, तो धाकटीच्या तळहातांना लागला.

"नखं कुठं गेली ताई?"

ताईनं पायाकडं बघितलं. "कापायची कटकट गेली," ती म्हणाली आणि गोड हसली.

धाकटी बाजूला होऊन पायरीवरच ओकली.

कुणी तोंड वाकडं केलं नाही. कुणी हललंसुद्धा नाही. तळ्याचा फेस पुढं आला, तिनं ओकलेलं त्यानं झाकलं, आणि मागं गेला तेव्हा पायरी स्वच्छ होती.

उतारावरची माणसं आता तिच्याकडं बघत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तेच समजूतदार हसू होतं. त्यांच्या छात्या फुगत होत्या आणि बसत होत्या. फेस येत होता आणि जात होता. दोन्ही एकाच चालीत.

तिनं ताईच्या काखांत हात घातले आणि तिला उचललं. ताईनं विरोध केला नाही. भाऊजींना हाक मारली तर ते नुसते म्हणाले, "सावकाश जा." त्यांचे गुडघे पाण्याच्या वर दिसत होते, पण त्यांच्या खाली, त्या गढूळ पाण्यात, धाकटीला पाय दिसले नाहीत. तिनं पुन्हा पाहिलं नाही.

फाटकाबाहेर येताच ताई किंचाळली.

"टोचतंय गं! खाली काय आहे?"

खाली साधा रस्ता होता. धाकटीनं तिला पाठुंगळी घेतलं. टॅक्सीत बसेपर्यंत ताईचा चेहरा आक्रसला, कपाळावर आठ्या उमटल्या, डोळे भरून आले. "आईचं ऑपरेशन कधी आहे? सगळ्या तपासण्या झाल्या का? आणि हे? हे तिथंच राहिले! मी अशी कशी निघून आले?" ती हुंदके देत होती आणि धाकटी तिचा हात घट्ट धरून होती. रडणारी, घाबरलेली, भंडावून सोडणारी ही तिची स्वतःची ताई होती. तो चिकट हात सोडून द्यावा असं तिला सारखं वाटत होतं. तिनं सोडला नाही.

गावी डॉक्टरांनी ताईचे पाय पाहिले, मलम लिहून दिलं, आणि बोलताना पुन्हा पायांकडं पाहिलं नाही. पोलिसांनी तळ्याकाठच्या शहरात चौकशी केली. बागेत सारं ठीक आहे, तुमचे भाऊजी मजेत आहेत, असं त्यांनी धाकटीला कळवलं. धाकटीनं भाऊजींना फोन लावला तर तो उचलला गेला, पण कुणी बोललं नाही. एक लांब श्वास ऐकू आला. एका माणसाचा तो नव्हता.

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. ताईच्या पायांची आग काही कमी होत नव्हती. फक्त पाण्यात बुडवले की तिला आराम पडायचा. म्हणून धाकटीनंच टब आणून दिला. नळाचं स्वच्छ पाणी, त्यात चमचाभर औषध. पाणी सकाळी भरलं की संध्याकाळी दाट झालेलं असायचं. ते ओतून देताना धाकटी श्वास रोखून धरायची, न्हाणीघर गरम पाण्यानं घासून काढायची, आणि तरी जेवताना घास तोंडात फिरायचा.

पण ताई शांत झाली. रडणं थांबलं. भाऊजींचं नाव काढेनाशी झाली. आईजवळ बसून तिचं डोकं चेपू लागली.

"हिच्या हातांना काय गुण आहे गं," आई म्हणायची. "डोकं असं हलकं होतं. इतकी वर्षं मी झोपलेच नव्हते असं वाटतं."

धाकटीला कामावर रुजू व्हावं लागलं. दिवसा त्या दोघीच घरी असत.

त्या दिवशी ती कामावरून परतली तेव्हा घर उन्हानं भरलेलं होतं आणि अगदी चिडीचूप. आईच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. आई गादीवर पडून होती, ताई तिच्या उशाशी. दोघी हसत होत्या.

खोलीत गोडसर वास होता.

"आई, वर बघ," धाकटी म्हणाली.

पापणी उचलण्यासाठी तिनं आईच्या कपाळावर बोट ठेवलं. बोट घसरलं. कपाळ लहान मुलीसारखं नितळ होतं. भुवया नव्हत्या.

"आई, हात दाखव."

"राहू दे की ते औषध," आई म्हणाली. "किती दमलीस गं तू. ये, बस."

आईनं हात पुढं केला. धाकटीनं तो घेतला, उलटा केला. तळव्यावर काही नव्हतं.

तिची बोटं आईच्या तळव्यावर टेकली, आणि टेकल्यानंतरही सावकाश आणखी थोडी आत गेली.