डाव्या बाजूचा रंग

गाडी भंगारात द्यायला मी निघाले होते, आणि ती बंद पडली नेमकी एका रंगाऱ्याच्या दारात.

बाबांची जुनी कॅम्पर व्हॅन होती ती. आत दोन बाक जोडले की पलंग व्हायचा, भिंतीतून टेबल निघायचं, कोपऱ्यात छोटीशी शेगडी... आणि बाहेरून पत्रा असा, की हात लावावा तिथे रंगाचे पोपडे हातात यायचे. बाबा गेल्यापासून ती घरामागे उभी होती. आता आईही गेली होती, भाड्याचं घर महिनाअखेरीस सोडायचं होतं, आणि दादाने भंगारवाल्याला फोन करून ठेवला होता. माझंही त्याने ठरवलंच होतं. मुलांच्या खोलीत तिसरा पलंग टाकून झाला होता, वहिनीची नवी नोकरी सुरू व्हायची होती, आणि इतकी वर्षं आईचं करून मोकळी झालेली मी आता भाच्यांचं करायला मोकळी होते. यात कुणी वाईट नव्हतं हो! वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून पायांचे तुकडे पडले होते. बाहेर पावसाची भुरभुर सुरू होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

तोंडाला मास्क आणि भुवयांपर्यंत पांढरी पूड... माणसाचे नुसते डोळे दिसत होते. डोळे चांगले होते. मला तेव्हाच कळलं होतं, उगाच खोटं कशाला बोला?

“रडताय?” त्याने विचारलं.

“नाही. झोपतेय.”

“भर रस्त्यात?”

“मिळेल तिथे.”

मास्क जरासा हलला. हसला असावा. “निघाला होतात कुठे?”

“भंगारात.”

“तुम्ही, की गाडी?”

“सध्या तरी... दोघी.”

तो गाडीच्या कडेने चालत गेला आणि डोळे मिटून ओल्या पत्र्यावरून तळहात फिरवत राहिला — पुढून मागे, मागून पुढे. मी काचेतून बघत होते. इतक्या हळुवारपणे कुणी कशाला हात लावल्याचं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“वरचं सगळं गेलंय,” तो परत येऊन म्हणाला, “पण आतला पत्रा धडधाकट आहे.”

“माझं अगदी उलट आहे.”

“मनावर घेतलंत तर राहता येईल हिच्यात.”

तो सहज बोलून गेला. पण ‘राहता येईल’ हे दोन शब्द घेऊन मी घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. म्हटलं, महिनाअखेरपर्यंत गाडी तयार झाली तर मी तिच्यात राहणार, दुकानामागच्या अंगणात. दुकानाच्या मालकीणबाईंना विचारलंय. नाही झाली तर मुकाट्याने तुझ्याकडे येईन.

दादा खो-खो हसला. “तयार म्हणजे रंगासकट बरं का! लागली पैज.”

शेजारच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन सुरू करून दिलं आणि वर, “म्हातारी पळेल, पण तिला घाई करू नका,” असंही बजावलं. पत्र्याचं काम मात्र संपता संपेना. जुना रंग खरवडा, गंज घासा, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरा, तो वाळला की पुन्हा घासा. दुकान सुटलं की मी तिथे जायचे. हातात पॉलिश पेपर घेऊन तो एका बाजूने घासायचा, मी दुसऱ्या. मधे अख्खी गाडी. उघड्या खिडक्यांतून आरपार गप्पा चालायच्या.

“रंग कुठला द्यायचा?”

“कुठलाही.”

“कुठलाही नावाचा डबा माझ्याकडे नाही.”

“मला काही ठरवायचा कंटाळा आलाय हो. खरंच. तुम्हीच ठरवा.”

“मी नाही ठरवणार,” तो शांतपणे म्हणाला. “तुमच्या वतीने ठरवणारे पुष्कळ दिसतात. मी थांबतो.”

मला राग आला. मग दोन दिवस मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शर्ट, छत्र्या, पिशव्या बघत राहिले. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं — पिकत आलेल्या लिंबाचा. पुरता पिवळा नको, हिरवाही नको.

“बघा,” तो म्हणाला. “कंटाळा वगैरे काही नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं.”

हा माणूस थोडंच बोलायचा आणि नेमकं दुखतं तिथे बोलायचा... मला ते आवडायला लागलं होतं. पण आवडलं तरी करायचं काय? प्रेमात पडायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं. माझ्याकडे घरी पोचण्यापुरतंच उरायचं.

एकदा त्याने मला पाण्याचा पेला दिला आणि बोटाला बोट लागलं. अक्षरशः ओरखडा उठला.

“हात आहे की कानस?” मी त्याचा हात धरून उलटा केला. तळव्याला भेगा पडल्या होत्या. “कशाने धुता?”

“थिनरने.”

“माणसं साबणाने धुतात. हा हात कुणाच्या हातात द्यायची वेळ आली तर ती बिचारी पळून जाईल.”

“कोण बिचारी?”

“असेल कोणीतरी... मला काय माहीत?”

त्याने हात सोडवून घेतला नाही. मीही जरा उशिराच सोडला.

मग रंग मारायचा दिवस आला. त्याच सकाळी मी घराची किल्ली मालकांना दिली आणि दोन बॅगा घेऊन दुपारी त्याच्याकडे पोचले. शेवटचा दिवस होता. संध्याकाळी दादाला गाडी दाखवायची, की पैज जिंकली!

तो गाडीसमोर उभा होता. हातात स्प्रे गन तशीच. उजवी बाजू सुरेख झाली होती, लिंबासारखी तुकतुकीत. डाव्या बाजूला मात्र रंग जागोजागी मागे सरकला होता. बारीक बारीक खळगे आणि प्रत्येकाच्या तळाशी रंगाखालचं राखाडी अस्तर. खळग्यांचे पट्टे दारापासून मागच्या दिव्यापर्यंत गेले होते. रुंदीला प्रत्येक पट्टा तळहाताएवढा.

“हे काय?”

“सगळं काढावं लागेल. पुन्हा घासून, पुन्हा अस्तर... आठवडा तरी जाईल.”

दुष्काळात तेरावा महिना! मी बॅगेवरच बसले. ओरडावं असं वाटलं, पण ओरडायचीही ताकद नव्हती. फोन काढला आणि दादाला म्हटलं, “हरले मी. संध्याकाळी न्यायला ये.”

रंगारी ऐकत होता. त्याचा चेहरा पडला.

“झालं कसं पण हे?” मी विचारलं. “तुमच्या हातून?”

“हातूनच झालं.” तो गनकडे बघत म्हणाला. “सगळं पुसून झालं की शेवटी मी तळहात फिरवून बघतो. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळतं. तसा आजही फिरवला... पण हाताला क्रीम होतं. त्यात सिलिकॉन असतं. त्याचा नुसता अंश राहिला तरी तिथे रंग बसत नाही.”

“क्रीम? तुम्ही?”

“आठ-दहा दिवस लावतोय. उजव्या बाजूच्या वेळी आठवणीने हात धुतले होते. डाव्या बाजूला... विसरलो.”

“कशात होतं लक्ष?”

तो फडक्याने गनचं तोंड पुसायला लागला.

“आणि क्रीम घेतलंत कुठून? आमच्या दुकानात तर आला नाहीत.”

“तुम्हाला कळलं असतं.”

“अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ सांगा ना!”

“सरळच सांगतो.” त्याने गन खाली ठेवली. “तुम्ही म्हणाला होतात, हा हात कुणाच्या हातात द्यायची वेळ आली तर. मला तो तुमच्या हातात द्यायचा होता. आज, गाडी देताना. म्हणून लावत होतो. आणि त्याच्याच पायी तुमचं घर घालवून बसलो.”

मी त्या खळग्यांकडे बघत राहिले. माझ्यासाठी कुणी केलेली ही पहिलीच चूक होती. एरवी सगळे माझ्याबाबतीत अगदी बरोबर वागायचे.

डोळे भरून आले. पण त्याबरोबर झोपही अशी आली की काय सांगू! आठवडे, महिने, वर्षं साठलेली झोप असावी.

“मला तुम्हाला उत्तर द्यायचंय,” मी म्हटलं. “पण मी फार दमलेय हो... रागावताही येत नाहीये आणि...”

“मग पडा जरा. उत्तर काही पळून जात नाही.”

त्याने गाडी सुरू करून मोकळ्या हवेत नेली, खिडक्या उघडल्या. मी बाक जोडले आणि आडवी झाले.

जाग आली ती दादाच्या आवाजाने. उन्हं कलली होती.

“तिला उठवा जरा. मुलं वाट बघतायत.”

“झोपल्यात त्या.”

“अहो, मी भाऊ आहे तिचा.”

“असाल. उठवायचं नाही.” त्याचा आवाज चढला नव्हता. “बसा हवं तर. चहा सांगतो.”

मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. आजवर मला सगळ्यांनी उठवलंच होतं. आईच्या गोळ्यांसाठी, दादाच्या फोनसाठी, डॉक्टरांच्या वेळांसाठी. मला उठवू नका, असं माझ्या बाजूने कुणी म्हटल्याचं आठवत नव्हतं. हा माणूस मला हवा होता. इतकं स्वच्छ मला कित्येक वर्षांत काही कळलं नव्हतं.

मी उठून बसले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “दादा, मी येत नाहीये.”

“अगं, पण पैज... रंग कुठे झालाय?”

“पैज तू जिंकलास. तरीही मी येत नाहीये. मुलांना सांग, आत्या रविवारी येईल. पाहुणी म्हणून येईल, जेवेल आणि परत जाईल.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग रंगाऱ्याकडे पाहिलं, गाडीच्या डाव्या बाजूकडे पाहिलं. “तुझ्या वहिनीला मी काय सांगू?” तो पुटपुटला. पण जाताना माझ्या बॅगा त्यानेच उचलून माझ्या व्हॅनमध्ये ठेवल्या.

तो गेल्यावर रंगारी खिडकीशी आला.

“झोप झाली?”

“नाही. अजून पुष्कळ बाकी आहे.”

“मग झोपा. मी आहे बाहेर.”

“किती दिवस अशी राखण करणार?”

“तुम्ही म्हणाल तितके.”

मी खिडकीतून हात बाहेर काढला. त्याने आपला हात पँटला दोनदा पुसला, तरी पुढे करायला धजेना.

“आता क्रीम नाही लावलेलं,” तो म्हणाला. “खरखरीत आहे.”

“द्या हो,” मी म्हटलं. “मी काही पळून जात नाही.”